आपलं टिकीट बंद करण्यात येत आहे

साईट बंद होती. फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. मेलला उत्तर नव्हतं. तरीही रिन्युअलचं बिल ठरल्या तारखेला, भल्या पहाटे, न चुकता आलं. ‘डिअर व्हॅल्यूड कस्टमर’, खाली रक्कम, जीएसटी, आणि लाल अक्षरांत सूचना: मुदतीत पैसे भरले नाहीत तर सेवा खंडित केली जाईल. खंडित झालेली सेवा पुन्हा कशी खंडित करतात, हे विचारायला पलीकडे कोणी नव्हतं.

होस्टिंगवाला, म्हणजे आपली साईट ज्याच्या सर्व्हरवर ठेवलेली असते तो, गायब होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. माणूस जातो, पण त्याने लावून ठेवलेलं यंत्र जागेवर असतं. ते बिल काढतं, आठवण करून देतं, तक्रार आली की तिला नंबर देतं. त्यामुळे सगळं सुरळीत चालू असल्यासारखं वाटतं आणि आपण वाट बघत बसतो. नुकसान होतं ते त्या वाट बघण्यात.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात एक साहित्यसंस्था आहे. ती दरवर्षी दिवाळी अंक काढते. पुण्या-मुंबईच्या स्टॉलवर तो तुम्हाला दिसणार नाही. पतसंस्था, सराफ, द्राक्षांच्या औषधांची दुकानं आणि एखादा इच्छुक नगरसेवक यांच्या जाहिरातींवर तो निघतो, आणि मोठ्या अंकांनी छापायला हव्या होत्या अशा एकदोन गोष्टी त्यात दरवर्षी असतात. संपादक निवृत्त मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. खजिनदार अण्णा. साईट माझ्याकडे. जुने अंक स्कॅन करून आणि नंतरचे युनिकोडमध्ये टाईप करून मी तिथे लावलेत. गावाबाहेर गेलेली मंडळी, कोणी हिंजवडीत, कोणी दुबईत, कोणी न्यू जर्सीत, अंक तिथेच वाचतात आणि रविवारी घरी फोन केला की त्यावर बोलतात. लेखकांचं साहित्यही त्याच डोमेनच्या, म्हणजे साईटच्या नावाच्या, मेलवर येतं. हे लक्षात असू द्या.

होस्टिंग पुण्यातल्या एका मुलाकडून घेतलेलं. आधीच्या कार्यवाहांच्या ओळखीतला. सुरुवातीची काही वर्षं त्याची सेवा अशी होती की मोठ्या कंपन्यांनी शिकावी. रात्री अकराला मेसेज टाकावा आणि पाणी पिऊन येईपर्यंत ‘झालं सर’ असं उत्तर आलेलं असावं. त्यामुळे कागदपत्रं, करार, कोणाच्या नावावर काय आहे, असले प्रश्न कुणाला पडलेच नाहीत. ओळखीच्या माणसाला असं विचारणं बरं दिसत नाही.

तो रिसेलर होता. कुठल्यातरी मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक घ्यायची आणि तिचे तुकडे पाडून आपल्या नावाने विकायचे, असा हा धंदा. साईटचं खातं चालवायचं जे सीपॅनल नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्यात याची तयार सोय असते. ग्राहकाला रिसेलरचाच लोगो दिसतो. बिलं आणि टिकिटं (नंबर पडलेल्या तक्रारी) सांभाळायला वेगळं तयार सॉफ्टवेअर मिळतं. त्यामुळे एका खोलीत बसलेला मुलगा बाहेरून दोनशे माणसांची कंपनी वाटू शकतो. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, वाचनालयं यांच्या साईट अशाच मुलांनी उभ्या केल्यात. मोठ्या कंपन्यांनी आमच्यासारख्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

शिवाय मोठ्यांचीही तऱ्हा फार वेगळी नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो इथल्या एका डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट या चारही नावांच्या साईट एकदम झोपल्या. चौघांची मालक एन्ड्युरन्स नावाची एकच कंपनी आहे, हे अनेक ग्राहकांना त्या दिवशी कळलं. एकाला कंटाळून दुसऱ्याकडे गेलेले कितीतरी जण प्रत्यक्षात कुठेच गेले नव्हते. पुढे २०१४ मध्ये मुंबईच्या तुराखिया बंधूंच्या डायरेक्टीचे होस्टिंग आणि डोमेनचे ब्रँडही एन्ड्युरन्सनेच घेतले. आमचा यांपैकी कुणाशी संबंध नव्हता. सांगायचं एवढंच की आपण पैसे देतो एकाला, यंत्र असतं दुसऱ्याचं आणि मालक तिसराच. सगळं ठीक चाललेलं असताना हे कळायचं कारण नसतं.

साईट बंद पडली ती गणपतीत. त्यामुळे पहिले काही दिवस आम्हीच त्याच्या वतीने सबबी शोधल्या. गावाला गेला असेल. कोकणात रेंज नसते. मंडळाचा कार्यकर्ता आहे, विसर्जनापर्यंत शुद्धीवर येणार नाही. व्हॉट्सअॅपवर माझ्या मेसेजला दोन राखाडी टिका दिसत होत्या, त्या निळ्या होत नव्हत्या. पण एके दिवशी त्याचा डीपी बदलला: घरच्या गणपतीसमोर तो, बायको आणि कडेवर लेक. मुलगा सुखरूप होता, खुशाल होता, फोन त्याच्या हातात होता. मला आधी हायसं वाटलं आणि मग संताप आला.

साईटच्या जागी इंग्रजीत एक कोरडं पान दिसत होतं: हे खातं तहकूब करण्यात आलं आहे, अधिक माहितीसाठी आपल्या होस्टिंग कंपनीशी संपर्क साधा. सीपॅनलचं हे ठरलेलं पान. आपल्याला त्याचा अर्थ तांत्रिक दिसतो, वाचकाला तो वेगळाच दिसतो. सरांना पहिला फोन आला तो मिरजेच्या एका जुन्या वर्गणीदाराचा. ते म्हणाले, “सर, बिल थकलंय का? संकोच करू नका, आम्ही काय ते बघू.” सरांनी आयुष्यात विजेचं बिल मुदतीच्या दिवशीसुद्धा भरलेलं नाही, आधीच भरतात. त्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले आणि खुर्चीत न बसता उभ्यानेच म्हणाले, “ते पान काढ. काहीही दिसलं नाही तरी चालेल, पण ते पान काढ.”

ते काढणं माझ्या हातात नव्हतं.

मग टिकीट. नाव, खातं, विषय, तातडीचा दर्जा (साधा, मध्यम, अतितातडीचा). अतितातडीचा निवडला. लगेच नंबर आला. दुसऱ्या दिवशी एक उत्तर आलं, खाली नाव वगैरे काही नाही: आम्ही यात लक्ष घालत आहोत. मला वाटलं, चला, कोणीतरी आहे. पण या टिकिटांचं एक गणित असतं. पलीकडून काहीही उत्तर गेलं की टिकिटाची स्थिती ‘उत्तर दिलं’ अशी होते आणि चेंडू ग्राहकाकडे गेला असं यंत्र धरतं. ठरावीक तासांत ग्राहक काही बोलला नाही तर यंत्र टिकीट आपोआप बंद करतं. मी सज्जनपणे गप्प बसून वाट पाहिली आणि मेल आला: बराच काळ प्रतिसाद न मिळाल्याने आपलं टिकीट बंद करण्यात येत आहे. माझा प्रतिसाद नाही म्हणून! पाठोपाठ दुसरा मेल: आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या.

पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. दर चार तासांनी ‘काही कळलं का’ असं टाकत राहावं, तर त्यातही मेख आहे. बऱ्याच ठिकाणी टिकिटं शेवटच्या संदेशाच्या वेळेनुसार रांगेत लागतात. तुम्ही नवं काही लिहिलंत की तुमचा नंबर मागे. कित्येक होस्टिंगवाले हे आपल्या मदतीच्या पानावर स्वतःच लिहून ठेवतात. म्हणजे ओरडलं तर मागे आणि गप्प बसलं तर बंद.

कराराच्या नावाने त्याच्या साईटवर एक पान होतं, ते मी प्रथमच नीट वाचलं. ९९.९ टक्के अपटाईमची हमी. हा आकडा सगळेच देतात आणि ऐकायला भरभक्कम वाटतो. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. आमचा तो कोटा पहिल्याच रात्री संपला होता. भरपाई म्हणून पुढच्या बिलात तेवढ्या दिवसांची सूट मिळणार होती, म्हणजे पुढेही त्याच्याकडेच राहिलात तर. आणि ती मागायची कुठे? टिकीट टाकून.

या दिवसांत मला सारखी आठवत होती ती १० मार्च २०२१ची रात्र. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला मध्यरात्रीनंतर आग लागली. पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचा काही भाग गेला. लाखो साईट बंद पडल्या. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचे बॅकअपही गेले. पण कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा त्याच रात्री ट्विटरवर सांगत होते की आग लागली आहे, कुणाला इजा नाही, इमारत वाचणार नाही, तुमच्याकडे आपत्कालीन योजना असेल तर ती सुरू करा. ज्यांचा डेटा गेला त्यांचं दुःख त्याने कमी झालं नसेल. काहींनी कोर्टकज्जेही केले. पण काय झालंय हे त्यांना सकाळपर्यंत कळलं होतं आणि पुढचं पाऊल टाकता येत होतं. आमच्याकडे काहीही जळलं नव्हतं. सर्व्हर थंडगार हवेत मजेत चालू होता, फायली जागच्या जागी होत्या. फक्त एक माणूस एक वाक्य बोलत नव्हता.

फायली जागेवर आहेत, हे मी कशावरून म्हणत होतो? तहकुबीच्या पानावरून. सर्व्हर मेला असता तर ते पानही दिसलं नसतं. कुणीतरी खात्याला कुलूप घातलं होतं एवढंच. त्याच सर्व्हरवरच्या आणखी दोनतीन साईट शोधल्या, एक दाताचा दवाखाना आणि एक क्लास. त्यांच्यावरही तेच पान. मग उलगडा झाला: कुलूप आम्हाला नव्हतं, रिसेलरला होतं. बहुधा त्याने वरच्या कंपनीचे पैसे थकवले होते आणि तिने त्याचं खातं बंद केल्याबरोबर खालचे आम्ही सगळेच बंद झालो. पैसे थकल्याचं पान आम्ही मिरवत होतो आणि पैसे थकवले होते त्याने. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना निदान तेवढं समाधान मिळालं. पण हे मिरजेच्या वर्गणीदाराला कसं समजावणार?

आयपी पत्त्यावरून वरची कंपनी शोधली आणि तिला लिहिलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं, सभ्य भाषेत: तुम्ही आमचे ग्राहक नाही, आमच्या ग्राहकाच्या खात्याबद्दल आम्ही तिऱ्हाइताशी बोलू शकत नाही. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला नाही. उद्या कोणीही उठून ‘ही साईट माझी आहे, फायली द्या’ म्हणालं आणि त्यांनी दिल्या, तर ते जास्त भयंकर. पण त्या मेलमधल्या ‘तिऱ्हाईत’ या अर्थाच्या शब्दावर मी बराच वेळ अडकून होतो. पंधरा-सोळा वर्षांचे अंक, त्यातल्या निम्म्यांचं टायपिंग माझ्या हातचं, आणि व्यवहारात मी तिऱ्हाईत.

इथे मी मोर्चा डोमेनकडे वळवला. त्या मुलाला बोलतं करायचा नाद सोडला, त्याच्या बोलण्यावर काही अवलंबूनच राहणार नाही असं करायचं ठरवलं. फायली परत टाईप करता येतील, स्कॅन पुन्हा करता येतील, पण नाव गेलं तर गेलं. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, आहे ते हूइज या सार्वजनिक नोंदीत दिसतं. मालकाचं नाव मात्र हल्ली दिसत नाही. मे २०१८ मध्ये युरोपचे गोपनीयतेचे नियम लागू झाले तेव्हापासून ते झाकलेलं असतं. म्हणजे स्वतःच्या नावावर काय आहे हे मालकालाही बाहेरून बघता येत नाही. रजिस्ट्रारला लिहिलं. ते म्हणाले, नोंदलेल्या मेलवर आम्ही पडताळणीची लिंक पाठवतो. नोंदलेले मेल दोन निघाले: एक त्या मुलाचा आणि दुसरा आमच्याच डोमेनवरचा, जो बंद होता. किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं, तसला प्रकार.

पण डोमेनच्या बाबतीत एक बरं आहे. तिथे वर कोणीतरी आहे. डॉट कॉम विकणारे रजिस्ट्रार, डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या मान्यतेने काम करतात, तिच्या नियमांनी बांधलेले असतात. रिसेलर कितीही गप्प बसला तरी रजिस्ट्रारला गप्प बसता येत नाही. डोमेन दुसरीकडे न्यायचा ऑथ कोड मालकाने मागितला तर पाच दिवसांत द्यावा लागतो. हे नियम कागदावरचे राहू नयेत याचं थोडं श्रेय एका दिवाळखोर कारभाराला जातं. रजिस्टरफ्लाय नावाच्या अमेरिकी रजिस्ट्रारच्या ग्राहकांना २००६-०७ मध्ये आपली नावं हातची जाताना बघावी लागली होती; तक्रारींना उत्तरं नव्हती. शेवटी २००७ मध्ये आयकॅनने त्याची मान्यता काढली आणि त्याच्याकडची डोमेन गोडॅडीकडे गेली. रजिस्ट्रारने ग्राहकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे जमा ठेवायची, ही अट करारात आधीपासून होती; तिची अंमलबजावणी त्यानंतर सुरू झाली. होस्टिंगच्या धंद्याला मात्र वर असं कोणी नाही. फायली ठेवणाऱ्याला ना मान्यता लागते, ना त्यांची प्रत कुठे जमा करावी लागते. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचे एप्रिल २०२२चे आदेश आहेत, त्यानुसार डेटा सेंटर, व्हीपीएस (आभासी सर्व्हर) आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव-पत्ता त्याने सेवा सोडल्यावरही किमान पाच वर्षं जपून ठेवायचा. आमचं नाव जपलं जाईल; गोष्टी-कवितांचं बघायला कुणाला सांगितलेलं नाही.

रजिस्ट्रारने विचारलं, डोमेन संस्थेचं आहे याला पुरावा काय? नोंद संस्थेच्या नावाने होती, एवढं आधीच्या कार्यवाहांनी नेकीने केलं होतं. मी सरांना विचारलं. ते आत गेले आणि कापडी बांधणीची एक फाईल घेऊन आले. सगळ्यात वर संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेलं, कडेने पिवळं पडलेलं: संस्था नोंदणी अधिनियम १८६० अन्वये. खाली निबंधकांची सही, शाई पसरलेली. त्याखाली पहिल्या वर्षापासूनच्या डोमेनच्या पावत्या. ऑनलाईन आलेल्या पावत्या सरांनी प्रिंट काढून, पंच मारून लावल्या होत्या, तेव्हा आम्ही त्यांना हसलो होतो. मी संस्थेच्या लेटरहेडवर इंग्रजीत अर्ज तयार केला. सरांनी सही केली आणि ड्रॉवरमधून शिक्का काढला. मी म्हटलं, “सर, ती अमेरिकेतली कंपनी आहे, शिक्क्याची गरज नाही.” “असू दे,” म्हणत त्यांनी शिक्क्यावर हाः करून श्वास सोडला आणि गोल शिक्का सहीवर अर्धा येईल असा उमटवला. अर्धा सहीवर आला पाहिजे, नाहीतर खोटी सही चिकटवता येते, असं त्यांचं म्हणणं.

अर्ज मंजूर झाला. शिक्क्यामुळे की पावत्यांमुळे, देव जाणे. त्यांनी नोंदलेला मेल बदलून सरांच्या जीमेलचा केला आणि ताबा आमच्याकडे आला. मालकाचा तपशील बदलला की डोमेन साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, असं त्यांनी बजावलं. हलवायचं कुणाला होतं? नेमसर्व्हर, म्हणजे आपलं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणारी यंत्रं, बदलता आले तरी बास.

नेमसर्व्हर बदलायचे तर नवीन होस्टिंग हवं, आणि आता पितृपक्ष लागला होता. अण्णा म्हणाले, “घटस्थापनेला घेऊ या.” सरांचा या गोष्टींवर विश्वास नाही, पण अण्णांशी वाद घालून जाहिरातींचे पैसे वसूल होत नाहीत, हेही त्यांना ठाऊक. ते माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. मी घरी गेलो आणि स्वतःच्या कार्डाने खरेदी केली. घेण्याआधी मात्र तीनचार कंपन्यांना रविवारी रात्री उशिरा एकच आडवळणी प्रश्न विचारून ठेवला होता: रोजच्या बॅकअपची प्रत ग्राहकाला स्वतः उतरवून घेता येते का, आणि खातं थकीत असतानाही घेता येते का. विक्रीवाले गोडच बोलतात, म्हणून प्रश्न विक्रीला न विचारता तांत्रिक विभागाला विचारला. एकीने सोमवारी सकाळी ‘नाही’ असं स्वच्छ उत्तर दिलं, सोबत कारण दिलं आणि त्यावरचा उपायही सांगितला. ती घेतली. ‘हो’ म्हणणाऱ्या दोघी होत्या, पण त्यांना प्रश्न कळलेला नव्हता.

नेमसर्व्हर बदलले. ही बातमी जगभर पसरायला वेळ लागतो. डॉट कॉमच्या नोंदी दोन दिवसांपर्यंत जुन्याच लक्षात ठेवल्या जातात. सांगलीत नवं पान दिसत होतं तेव्हा दुबईत तहकुबीचंच. नवं पान साधं होतं: अंक लवकरच. सरांनी ते मोबाईलवर तीनदा उघडून पाहिलं.

आता मजकूर. दर उन्हाळ्यात मी डेटाबेसची प्रत उतरवून घेतो, ती होती. मधल्या काही महिन्यांचं काय ते गेलेलं. स्कॅन केलेले जुने अंक डीटीपीवाल्याकडे सापडले. गुगल पूर्वी पानांची जुनी प्रत दाखवायचं, ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या साईटवर बरीच पानं मिळाली, पीडीएफ फारशा नाहीत. डेटाबेस नव्या सर्व्हरवर चढवला, पान उघडलं आणि पोटात गोळा आला. एकही मराठी अक्षर नाही. ओळीच्या ओळी भरून डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ आणि त्याच्यामागे कसली कसली चिन्हं.

हा आजार ज्यांनी जुन्या मराठी साईट सांभाळल्यात त्यांच्या ओळखीचा आहे. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं. डेटाबेस सांभाळणाऱ्या मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरची जुनी सवय लॅटिन-१ची, म्हणजे एका बाइटात मावणाऱ्या युरोपीय अक्षरसंचाची, होती, २०१८ साली आठवी आवृत्ती आली तेव्हा ती बदलली. तीन बाइटांचं अक्षर लॅटिन समजून वाचलं की त्याची तीन वेगळी चिन्हं होतात. पहिलं कायम तो रेघवाला ‘ए’. दुसरं व्यंजनांच्या बाबतीत चार पायांचं वर्तुळ, जे कुठल्याच देशाचं नसलेलं चलनाचं चिन्ह आहे. आणि दीर्घ ईकार, उकार, मात्रा, पाय मोडलेली अक्षरं आली की तिथे चक्क जपानी येन. काना आणि ऱ्हस्व इकार तेवढे येनपासून वाचतात. म्हणजे मानधन न देणाऱ्या आमच्या अंकात शब्दागणिक पैसे छापले गेले होते. दुरुस्ती एका ओळीची होती. प्रत पुन्हा चढवताना अक्षरसंच कोणता ते सांगायचं. केलं, आणि पान मराठीत बोलायला लागलं.

हे सगळं होऊन गेल्यावर, नवरात्रात एका रात्री, त्या मुलाचा मेसेज आला. “सर सॉरी. घरी प्रॉब्लेम होता. आता चालू होईल.” बस्स. मी फोन केला, उचलला नाही. पण जुना सर्व्हर खरोखरच जागा झाला होता. आमचं नाव आता नव्या सर्व्हरकडे वळलेलं, त्यामुळे जुन्याकडे जायला माझ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ टाकून त्याला सांगावं लागलं की तुझ्यापुरता हा जुना पत्ताच खरा. आत शिरलो आणि पहाटेपर्यंत मिळेल ते उतरवून घेतलं. राहिलेले महिने सापडले, चित्रं सापडली. दाताच्या दवाखान्याला आणि क्लासलाही फोन करून सांगितलं की आत्ता चालू आहे, असेल ते काढून घ्या. क्लासवाल्यांना आपली साईट बंद होती हेच माहीत नव्हतं.

तक्रार करावी का, यावर कार्यकारिणीत चर्चा झाली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. २०१९च्या कायद्यानुसार आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मी मसुदाही केला होता. सरांनी वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाले, “घरी काय प्रॉब्लेम होता रे?” मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. माझं मत अजूनही तक्रार करावी असंच आहे. घरच्या अडचणीत माणूस काम बंद ठेवू शकतो, पण ‘बंद आहे, तुमचं तुम्ही बघा’ एवढं टाईप करायला अर्धं मिनिट लागतं. अण्णांनी त्याचे पैसे देणं निघतं का ते पाहिलं, निघत नव्हतं, आणि विषय पुढे गेला.

खरी गंमत मेलच्या पेटीत होती. जुन्या सर्व्हरवरून मी मेलही उतरवले. आम्हाला वाटत होतं, त्या दिवसांत आलेले मेल परत गेले असतील. ते परत गेले नव्हते. साईटला कुलूप होतं, पेटी चालू होती. आत जाता येत नव्हतं आम्हाला. बाहेरून येणारं सगळं ती निमूट घेत होती. कथा, कविता, ललित, एक अख्खी कादंबरी, आणि ऐन हंगामातले जाहिरातदारांचे मजकूर. आणि प्रत्येकाला उत्तरही जात होतं, कारण पूर्वी कधीतरी आम्हीच ते लावून ठेवलं होतं: “आपले साहित्य मिळाले. संपादक मंडळ विचार करत आहे. निवड झाल्यास कळवू.”

काहींनी पुन्हा विचारलं होतं. त्यांना पुन्हा तेच उत्तर. कराडच्या एका कवींनी तर आधी विनंती केलेली, मग आठवण, मग थोडं रागावून, मग ‘आपल्यासारख्या जुन्या संस्थेकडून ही अपेक्षा नव्हती’ असं. चारही पत्रांना आमच्या यंत्राने सारख्याच नम्रतेने कळवलं होतं की विचार चालू आहे. सरांनी ती चारही पत्रं क्रमाने वाचली आणि त्यांना लगेच फोन लावला. पलीकडून कवी शांतपणे म्हणाले, कविता दुसऱ्या अंकाला दिली, छापूनही झाली.

तो अंक सरांनी मागवला. कविता वाचून माझ्यापुढे सरकवली. “चांगली आहे,” म्हणाले, “आणि त्यांनी शेवटचं कडवं गाळलंय. आपण गाळलं नसतं.”